जावई आत आहे

"ह्याला भिंत म्हणतोस तू? ह्याला? माझी बायको लापशी करते ती ह्यापेक्षा घट्ट असते."

असं म्हणून बिझ्विकनं आपल्या म्हाताऱ्या आईच्या घराच्या भिंतीत पायाचा अंगठा खुपसला. चपलेसकट. विटेचा नुसता चिखल झालेला. अंगठा आत गेला आणि बाहेर येताना निम्मी वीट घेऊन आला.

लामेक डोक्यावर खताची रिकामी गोणी धरून उभा होता. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि मुलांजेचा डोंगर ढगात पार गायब झाला होता. डोंगर दिसत नाही म्हणजे वर काय चाललंय ते कळत नाही, आणि हे त्याला आवडत नव्हतं.

"बोल की. तोंडात न्सिमाचा गोळा आहे का?"

"भट्टी निम्मीच भाजली," लामेक म्हणाला. "लाकूड कमी पडलं. तुला ठाऊक आहे."

"मला हे ठाऊक आहे की भाजलेल्या विटा सगळ्या तुझ्या घराला लागल्या आणि कच्च्या सगळ्या माझ्या आईच्या घराला. असं कसं रे? भट्टी काय माणूस बघून भाजते?"

बिझ्विक म्हणजे लामेकच्या बायकोचा, फनेसीचा, थोरला भाऊ. त्या मुलखात मामाचं वजन फार. बहीण त्याची, तिची पोरं त्याची, घराची जागा आणि शेत बहिणीच्या नावचं. नवरा येतो तो खांद्यावर कुदळ घेऊन. लामेक घरजावई होता. ही काही शिवी नव्हती, गावातले सगळेच बाप्ये घरजावई. बिझ्विकसुद्धा नदीपलीकडं बायकोच्या गावात राहायचा आणि तिथं त्याचा मेहुणा त्याच्या भिंतीत अंगठा खुपसत असणार. तिथं गिळलेलं तो इथं येऊन ओकायचा.

"तू तरी तुझ्या सासूला कुठं पक्कं घर बांधलंस?" लामेकच्या तोंडून गेलं.

"माझी सासू मेली."

"मग सुटलास की."

स्वयंपाकाच्या झोपडीत फनेसी फसकन हसली आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. बिझ्विकनं गोणी लामेकच्या डोक्यावरून ओढून चिखलात टाकली. लामेकच्या मुठी वळल्या. त्यानं त्या कमरेच्या मागं नेल्या. मेहुण्यावर हात टाकला की कुदळ खांद्यावर घेऊन आपल्या आईच्या गावी परत जायचं, पोरं इथंच ठेवून. दुसरं काही नाही.

तेवढ्यात घराच्या आतून म्हातारीचा आवाज आला. "तियामिके! मामाला सांग, नदी चढतेय, घरी जा म्हणावं. आणि बापाला सांग, भिंतीला टेकू लाव म्हणावं. पावसात भांडायला काय, कोंबडेसुद्धा भांडतात."

तियामिके दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "मामा, घरी जा. बा, टेकू लाव."

बोलायला लागल्यापासून पोरीचं हेच काम. सासू आणि जावई एकमेकांकडं बघत नाहीत, एकमेकांच्या हातून ताटली घेत नाहीत, वाटेत समोरासमोर आले तर एकानं वाट सोडून झुडपात शिरायचं. ही अदब. वैर नाही, उलटं. एकाच अंगणात राहून लामेकला सासू ठाऊक होती ती पाठीवरून, टाचांच्या भेगांवरून आणि खोकण्यावरून. तिचे दात किती पडलेत हे त्याला आजवर माहीत नव्हतं. नाखुमवा हे तिचं नाव त्यानं तोंडानं कधी उच्चारलेलं नव्हतं.

बिझ्विक सायकल खांद्यावर टाकून गेला. चालवण्यासारखी वाट राहिली नव्हती.

लामेकनं निलगिरीच्या बल्ल्या आणल्या आणि टेकू लावायला घेतले. म्हातारी दाराच्या आत पाठ करून बसलेली, डोक्यावरून चितेंजे ओढून. पण त्या कापडाला डोळे असावेत.

"तियामिके, बापाला सांग, बल्लीचं जाड तोंड खाली पाहिजे."

"आजीला सांग, खालीच आहे."

"सांग, नाही."

लामेकनं बघितलं. नव्हतं. त्यानं बल्ली उलटी केली. तियामिके तोंडावर हात दाबून हसत होती. त्यानं तिच्याकडं चिखलाचा एक गोळा भिरकावला, लागणार नाही असा.

जेवताना फनेसी म्हणाली, "आईला आज इकडं आणू या. ती भिंत रात्र काढणार नाही."

"आण. मी स्वयंपाकाच्या झोपडीत झोपतो."

असं ठरलं होतं, हे लक्षात ठेवा. नंतर लोक काय काय बोलले. पण जेवताना, मक्याच्या पिठाचा थंड न्सिमा आणि तुरीच्या दाण्याच्या कालवणावर, दोघांचं सरळ ठरलं होतं. फनेसीनं तान्ह्या येसायाला पाठीशी बांधलं, आईला बोलवायला उठली, आणि तेवढ्यात वारा आला.

आला म्हणजे हळूहळू नाही आला. बाहेर काहीतरी मोठं जनावर अंगणात शिरल्यासारखं झालं, आणि स्वयंपाकाच्या झोपडीचं गवताचं छप्पर आख्खं उचललं गेलं. लामेकनं दाराच्या फटीतून बघितलं. काळोखात ते फिरत फिरत गेलं, एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरून गवताचा भारा निसटावा तसं. चुलीतला विस्तव क्षणभर सगळीकडं उडाला आणि विझला. झोपायची जागा गेली.

"मग आता?" फनेसी म्हणाली.

वरून उत्तर आलं. पत्रा वाजला.

लामेकनं घराला पत्रे घातले होते, ह्याचा गावात हेवा होता. चहाच्या मळ्यात राबून आणलेले पत्रे. पण खिळे कमी होते आणि खिळ्यांच्या डोक्याखाली वायसर म्हणून बाटल्यांची बुचं चेपून घातलेली. वर दगड ठेवलेले. आता एक दगड घरंगळला, मग दुसरा. वाऱ्यानं पत्र्याच्या कडेखाली बोटं घातली आणि आढं कण्हलं.

लामेकनं ट्यूबच्या रबरी पट्ट्या काढल्या, सायकलवर लाकडं बांधायच्या. त्या आढ्यावरून टाकल्या. एकीचं टोक मोठ्या उखळाला बांधलं, मका कांडायच्या. दुसरीचं फनेसीनं कमरेला घेतलं. मधली त्यानं स्वतःच्या दोन्ही मनगटांना गुंडाळली आणि लोंबकळला. वारा उचलायचा तेव्हा त्याच्या टाचा जमिनीवरून सुटायच्या. सोडायचा तेव्हा गुडघे दणकन आपटायचे.

"तियामिके, उखळावर बस!"

"बा, ते हलतंय!"

"म्हणूनच बस!"

किती वेळ गेला कोण जाणे. हाताचं रक्त थांबलं, बोटं लाकडासारखी झाली. पावसाचा आवाज पत्र्यावर इतका की तोंड कानाला लावून ओरडलं तरी निम्मंच कळायचं. आणि त्या आवाजातूनही ऐकू आलं, धप्प. ओलं. पोतं आपटल्यासारखं. मग पुन्हा धप्प.

फनेसीनं नवऱ्याकडं बघितलं. दोघांना कळलं होतं काय पडलं ते.

"आई!" ती किंचाळली. "आई! इकडं ये!"

मग दाराला बाहेरून काहीतरी टेकलं. हातानं वाजवलं नाही, नुसतं टेकलं. तियामिकेनं उखळावरून उठून दार बोटभर उघडलं. पडवीत म्हातारी बसली होती, दाराकडं पाठ करून. अंगावर एकच कापड, तेही भिजून कातड्याला चिकटलेलं. बाकीचं सगळं भिंतीखाली गेलं होतं. पावसाचे फटके आडवे येत होते आणि तिच्या पाठीचे मणके एकेक दिसत होते.

"आजी, आत ये."

"बाप कुठाय?"

"आतच आहे. छप्पर धरून लोंबकळतोय."

"मग मी कशी येऊ?"

"आई, ये गं!" फनेसी ओरडली. "मरशील!"

"ह्या असल्या अवस्थेत? जावयासमोर? त्याच्या बाजेपाशी?" म्हातारीचे दात वाजत होते, तरी आवाज चढाच होता. "तुला मी हे शिकवलं होय?"

लामेकनं डोळे मिटले होते. "तियामिके, आजीला सांग, मी बघत नाही."

"आजी, बा बघत नाही."

"न बघणं वेगळं आणि नसणं वेगळं. सांग त्याला."

"चितेंजे आण," लामेक म्हणाला. "माझे डोळे बांध."

तियामिकेनं बाजेवर चढून बापाच्या डोळ्यांवर कापड करकचून बांधलं, नाकसुद्धा त्यात गेलं. तो तसा लोंबकळत राहिला, आंधळा, तोंडानं श्वास घेत, मनगटांवर दोर रुतलेले. कत्तलीला टांगलेल्या बकऱ्यासारखा. फनेसी रडायला लागली आणि त्याच वेळी हसायलाही लागली. कसला तमाशा.

"आजी, आता बाचे डोळे बांधलेत!"

बाहेर खोकला. मग म्हातारी म्हणाली, "चांगला माणूस आहे. पण आत आहे ना."

चीड येते. पण तिचं चुकलं म्हणावं तर काय चुकलं? सगळं आयुष्य तिनं ह्या माणसाचा मान राखला होता. तिच्याकडं द्यायला तेवढंच होतं. घर नाही, धान्य नाही, धड दातही नाहीत. तेवढा मान होता, तो एका रात्रीत पावसाला द्यायचा?

खोकला कमी होत गेला. लामेक आंधळेपणी तोच ऐकत होता. आधी छातीतून यायचा, मग घशातून, मग नुसता श्वास अडकल्यासारखा. खोकला चालू आहे तोवर बरं, हे त्याला गुरांवरून ठाऊक होतं.

"मी बाहेर जातो," तो म्हणाला.

"आणि छप्पर?"

"तू धर. तू आणि उखळ."

"अहो, मला उचलून नेईल!"

"मग काय करू?" तो ओरडला. इतका की येसाया पाठीवर दचकून रडायला लागला. "सांग ना, काय करू? तुझ्या भावाला विचारू? आहे का तो इथं?"

फनेसीनं त्याच्या मनगटाचा दोर सोडवायला घेतला. रबर कातड्यात बसलं होतं, निघेना. तिनं दातानं ओढलं तेव्हा सुटलं.

घराला दार एकच आणि दारात म्हातारी. तिला ओलांडून जायचं म्हणजे अंगाला अंग लागणार. म्हणून लामेक म्हणाला, "तियामिके, आजीला सांग, दारातून जरा बाजूला हो म्हणावं. मी बाहेर पडतो. मी गेलो की आत ये म्हणावं."

"आजी, बाजूला हो. बा बाहेर जातोय. मग तू आत ये."

"हां," म्हातारी म्हणाली. "हे बरोबर."

आणि ती उठली. भिंतीला धरून उठली. पडवीच्या टोकाला सरकली असती तरी चाललं असतं. काळोख होता, कोण बघत होतं? पण जावई जायचा असला की वाट पूर्ण सोडायची असते. तिनं पूर्ण सोडली. पडवी उतरून, घराच्या कोपऱ्यामागं, दिसणार नाही अशी, रीतीनं जाऊन उभी राहिली. त्या बाजूला डोंगर होता.

लामेकनं डोळ्यांवरचं कापड ओढलं आणि दार ढकललं. दार वाऱ्यानं त्याच्या हातातून घेतलं. वारा सरळ घरात शिरला, आणि छप्पर उडालं. आधी ते उडत नाही. आधी ते फुगतं, आढं एकदा खोल श्वास घेतं, आणि मग एवढा मोठा आवाज होतो की तो ऐकूच येत नाही. उखळ जमिनीवरून उचललं गेलं आणि आडवं पडलं. फनेसी हवेत होती. तो आत वळला, तिच्या कमरेला मिठी मारली, रबर तुटलं आणि दोघं येसायावर पडता पडता कुशीवर पडले.

मग पाऊस आत आला, सगळाच्या सगळा.

त्यानं बाज उलटी करून कोपऱ्यात भिंतीला लावली आणि बायकोला, पोरांना तिच्याखाली कोंबलं. भाजलेल्या विटांच्या भिंती उभ्या होत्या. चांगल्या उभ्या होत्या. तो बाहेर धावला.

डोंगराच्या बाजूनं पाणी येत होतं. पाणी म्हणावं का त्याला. माती, दगड, झाडांची मुळं, आणि ओल्या मातीचा असा वास की नाक भरून जावं. कोपऱ्यामागं जिथं जमीन होती तिथं ते वाहत होतं, मांडीएवढं. म्हातारी नव्हती.

लामेकनं तोंड उघडलं आणि काय हाक मारायची ते त्याला कळेना. त्यानं तिला कधी हाक मारलीच नव्हती. नाव घ्यायचं नाही. आई म्हणायचं तर ते फनेसीचं म्हणणं. वीज चमकली तेव्हा तो तसाच तोंड वासून उभा होता. मग तो ओरडला, "तियामिकेची आजी! ओ तियामिकेची आजी!"

पाण्यात शिरला, पाण्यानं पाडलं. उठला, पुन्हा पाडलं. एक ओंडका कुल्ल्यावर बसला. तो पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला आणि ओरडत राहिला, आवाज बसेपर्यंत. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पाणी ओसरायच्या आधी काळोख ओसरला.

उजाडल्यावर गाव ओळखू येईना. मक्याचं शेत नव्हतं, तिथं दगड होते. लामेक खालच्या अंगाला तुरीच्या पट्ट्याकडं गेला, कारण पाणी तिकडं गेलं होतं. वाटेत त्याला आपलाच एक पत्रा मिळाला, चुरगळलेला. त्यानं तो उचलून बाजूला ठेवला. का ठेवला देव जाणे.

उपटलेली तूर एका मोठ्या वारुळाला अडकली होती आणि तिच्यात म्हातारी होती. अंगभर माती, एक पाय नको तिकडं वळलेला. डोळे उघडे. त्याला बघून तिनं पहिलं काय केलं, तर तुरीची एक फांदी ओढून तोंड झाकलं.

लामेक मागं फिरला आणि पळायला लागला, बायकांना बोलवायला. थोडं गेला, थांबला. गावातल्या बायका आपापल्या ढिगाऱ्यात हातानं उकरत होत्या. तो परत आला. डोळे तिच्या डोक्यावरच्या झाडाकडं ठेवून त्यानं अंगातला सदरा काढला आणि तिच्यावर टाकला. मग तिच्याकडं पाठ करून उकिडवा बसला.

"या," तो म्हणाला.

काही हललं नाही. पाऊस भुरभुरत होता.

"या म्हणतो ना."

बऱ्याच वेळानं एक हात खांद्यावर आला. बर्फासारखा. मग दुसरा. त्यानं हात मागं घेऊन तिला वर सरकवलं तेव्हा ती कुत्र्यानं केकाटावं तशी केकाटली. तो उभा राहिला. काहीच वजन नव्हतं. पाण्यानं हिला नेली ह्यात नवल नाही, पण सोडली कशी ह्याचं नवल.

अंगणात पोचला तर गावच्या मुखियाची बहीण तिथं उभी होती, फनेसीपाशी. तिनं बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेले.

"अरे, उतरव! खाली ठेव तिला! जावयानं सासूला पाठीवर? गाव बुडालं ते पुरे नाही झालं होय?"

"हिचा पाय मोडलाय. मिशनच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"बायका नेतील. झोळी करतील."

"झोळी कशाची? चादर दाखव मला एक. एक दाखव." तो चहूकडं बघत म्हणाला. चादर सोडा, कुणाच्या अंगावर धड कापड नव्हतं. "आणि बायका कुठायत? बोलव. मी देतो त्यांच्याकडं."

मुखियाची बहीण ढिगाऱ्यांकडं बघायला लागली. लांब कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन रडत होतं.

"दवाखाना नदीपलीकडं आहे," ती शेवटी म्हणाली. "पूल आहे का नाही ते तरी कुठं माहीत आहे?"

ते कुणालाच माहीत नव्हतं.

फनेसीनं येसायाला पाठीवरून सोडलं आणि तियामिकेच्या कडेवर दिलं. ते ओलं कापड पिळलं. आईच्या कमरेखालून घेतलं, नवऱ्याच्या छातीवर आणलं आणि गाठ मारली, तान्ह्या पोराला बांधतात तशी. म्हातारीची हनुवटी त्याच्या खांद्यावर आली. तिचा श्वास त्याच्या कानाशी घरघरत होता, मधेच थांबत होता, आणि थांबला की लामेकही श्वास धरायचा.

"मीही येते," फनेसी म्हणाली.

"पोरांना कुठं ठेवशील? छप्पर आहे का?"

ती आईच्या पायाला हात लावून बघत होती. पाय निळा पडला होता.

"हळू चाल," म्हातारी म्हणाली. तियामिकेला नाही. त्याला. "मी काय मक्याचं पोतं आहे?"

तियामिकेनं सवयीनं तोंड उघडलं, "बा, आजी म्हणतेय..." आणि थांबली.

मुखियाची बहीण वाटेतून हलली नव्हती. लामेकनं पाठीवरचं ओझं एकदा वर सरकवलं, कापडाची गाठ चाचपली आणि तिच्याकडं सरळ बघितलं.

"सर बाजूला, मावशी. काय बोलायचं ते मागनं बोल. मला आता निघायला पाहिजे."